गावच्या वेशीवरची पाटी: सातारा जिल्ह्यातल्या स्वागतफलकांचे फोटो काढायचे तर

सातारा जिल्ह्यात ११ तालुके. महाबळेश्वरच्या धुक्यापासून माणच्या माळापर्यंत कुठल्याही रस्त्याने जा, गावाच्या तोंडाशी काही ना काही उभं असतंच. कुठे सिमेंटची दणकट कमान, कुठे दोन लोखंडी खांबांवर ठोकलेला पत्रा, कुठे नुसता चुना मारलेला दगड. येताना ‘आपले सहर्ष स्वागत’, जाताना ‘धन्यवाद, पुन्हा भेटा’. रोज त्याखालून जाणारी माणसं ते वाचत नाहीत. मग एक दिवस रस्ता रुंद होतो, कमान पडते, आणि जुन्या कमानीवर नेमकं काय लिहिलं होतं यावर पारावर दोन तट पडतात.

अशा पाट्यांचा जिल्हाभर संग्रह करायचा, तर त्याची रीत इथे लिहिली आहे. फक्त देखण्या कमानी टिपायच्या असतील तर यातलं निम्मं तुम्हाला लागणार नाही. माझ्या मते अशा संग्रहाला किंमत येते ती सलगपणामुळे. ज्या वाडीला गंजका पत्रा आहे तिचाही फोटो तितक्याच निगुतीने काढायचा, आणि ज्या गावाला काहीच नाही तिथे पाटी नसलेल्या रस्त्याचा काढायचा. पाटीवरचं अक्षर न् अक्षर वाचता यावं आणि ती कुठे उभी होती हे वीस वर्षांनी परक्या माणसालाही कळावं, एवढ्या दोन अटी फोटोने पाळल्या की काम झालं.

आधी नियम ठरवा

घराबाहेर पडण्याआधी एका कागदावर लिहून काढा की पाटी कशाला म्हणायचं. हे केलं नाही तर तिसऱ्या तालुक्यात पोचेपर्यंत गोंधळ उडतो.

अडचण पहिली म्हणजे फाटा. पुणे-बंगळूर महामार्गावरून जाताना शिरवळ ते कराड या पट्ट्यात अनेक गावांची कमान गावात नसतेच, ती फाट्यावर असते आणि गाव आत दोन-तीन किलोमीटरवर. मग आत गेल्यावर शिवेजवळ ग्रामपंचायतीची वेगळी पाटी, आणि गावठाणात शिरताना एखादी जुनी दगडी वेस. तिन्ही घ्यायच्या की एक? मी तिन्ही घ्या म्हणेन, पण यादीत ‘मुख्य’ एकच ठेवा: जिच्यावर गावाने स्वतः स्वागताचं वाक्य लिहिलंय ती. सार्वजनिक बांधकाम विभागाची अंतर दाखवणारी पाटी ही सरकारची, गावाची नव्हे. ती मुख्य धरू नका. मात्र जिथे गावाची स्वतःची पाटी नाही तिथे तीच घ्या, आणि नोंदीत तसं लिहा.

मैलाचे दगडही मोहात पाडतात. त्यांच्या डोक्याचा रंग रस्त्याची जात सांगतो: राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य महामार्गाला हिरवा, ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याला केशरी. तो वेगळा संग्रह होईल, यात मिसळू नका. रेल्वेच्या पिवळ्या फलकांचंही तसंच. लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, कराड या पुणे-मिरज मार्गावरच्या स्थानकांच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, आणि ते फलक फार सुंदर दिसतात. घ्यायचेच असतील तर प्लॅटफॉर्म तिकीट काढून, प्लॅटफॉर्मवरूनच घ्या. रुळांत उतरायचं नाही आणि कुणी हटकलं तर वाद घालायचा नाही.

मंडळांचे, संघटनांच्या शाखांचे फलक मुख्य यादीत नकोत, पण चौकटीत आले तर कापूही नका. गावाच्या तोंडाशी कोण कोण उभं आहे हेही फोटोत दिसायला हवं.

यादी आणि तालुका

एकदम जिल्हा हातात घेऊ नका. एक तालुका पूर्ण करा आणि मग पुढच्याकडे वळा. गावांची यादी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत मिळते, आणि केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र सांकेतिक क्रमांक आहे. तो क्रमांक सुरुवातीपासून वापरा. कारण साताऱ्यात नावांची गफलत ठरलेली आहे. वाठार म्हटलं की कुठलं? वाठार स्टेशन, वाठार किरोली, वाठार निंबाळकर असे वेगवेगळे वाठार आहेत. बुद्रुक आणि खुर्दच्या जोड्या तर विचारू नका. शिवाय तालुक्याचं नाव एक आणि ठाणं दुसरंच: जावळीचं मेढ्याला, माणचं दहिवडीला, खटावचं वडूजला. त्यात खटाव नावाचं गावही आहेच. फोटोच्या नावात नुसतं ‘खटाव’ लिहून ठेवलंत तर पुढे तुम्हालाच कळणार नाही की गाव म्हणायचं होतं की तालुका.

यादीतली गावं नकाशावर टाका. गुगलच्या माय मॅप्समध्ये टाकली तरी चालेल, पण त्या नकाशाची एक प्रत केएमएल फाइल (नकाशावरच्या खुणा साठवणारी फाइल) म्हणून स्वतःकडे ठेवा. मग रस्त्याप्रमाणे गट पाडा. वाई तालुक्यात पसरणी, बावधन, धोम यांना वाई शहरातून वेगवेगळे फाटे आहेत. भुईंज, ओझर्डे, कवठे हा गट महामार्गाच्या अंगाने उरकता येतो. एका दिवसात किती गावं होतील याचा हिशेब अंतरावर मांडू नका, उन्हावर मांडा.

ऊन कुठून येतं

साध्या डोक्याने सुटणारी ही गोष्ट आहे, पण फोटो बिघडतात ते बहुतेक इथेच. पाटी गावात येणाऱ्या माणसासाठी असते, म्हणजे तिचं तोंड येणाऱ्याकडे. रस्ता पूर्वेकडे जात गावात शिरत असेल तर पाटीचं तोंड पश्चिमेला. तिच्यावर नीट ऊन दुपारी तीननंतर पडणार. सकाळी गेलात तर सूर्य पाटीच्या मागे आणि अक्षरं काळी. उपग्रहाचा नकाशा घरीच उघडून प्रत्येक गावापुढे पाटीचं तोंड लिहून ठेवा: पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. पूर्वमुखी सगळी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, पश्चिममुखी साडेतीन ते पाच. दक्षिणमुखी पाट्या हिवाळ्यात दिवसभर उजळ असतात, त्या मधल्या वेळेत उरका.

राहिल्या उत्तरमुखी. सातारा जिल्हा साधारण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. सप्टेंबरअखेरपासून मार्चच्या शेवटापर्यंत सूर्य दक्षिणेच्या अंगानेच उगवतो, चढतो आणि मावळतो. त्यामुळे एवढे सहा महिने उत्तरेकडे तोंड असलेल्या पाटीवर थेट ऊन पडतच नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा तिरपं ऊन मिळतं. उत्तरमुखी गावांची यादी वेगळी काढून त्यांच्यासाठी मे महिना राखून ठेवा. घाई असेल तर ढगाळ दिवस बघा. मऊ, सावली नसलेल्या उजेडात अक्षरं उलट जास्त स्वच्छ येतात, आकाश पांढरं फटक येतं एवढंच.

कमानीचं आणखी एक आहे. तिच्या वरच्या पट्टीवर ऊन असतं तेव्हा खालचा रस्ता तिच्याच सावलीत असतो, आणि खांबांवर लिहिलेली नावं निम्मी उजेडात, निम्मी अंधारात. अशा ठिकाणी सूर्य थोडा बाजूला, म्हणजे पाटीच्या तोंडाशी तीस-चाळीस अंशात असेल तेव्हा जा. उठावाची सिमेंटची अक्षरं असतील तर तिरपं ऊन हवंच. समोरून पडलेल्या उन्हात ती सपाट दिसतात.

पश्चिम आणि पूर्व: दोन वेगळे जिल्हे समजा

महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. जूनमध्ये जावळी, पाटण, महाबळेश्वर यांच्या वाटेला जाऊ नका. धुक्यात पाटी शोधायलाच अर्धा तास जातो, घाटात गाडी थांबवायला जागा नसते आणि लेन्सवरचं पाणी पुसण्यात दिवस जातो. तिकडची गावं ऑक्टोबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरचा फायदा असा की पावसाने पाट्या धुतलेल्या असतात. तोटा असा की त्यांच्यावर शेवाळही असतं. ते खरवडू नका, आहे तशी घ्या.

माण, खटाव आणि फलटणचा पूर्व भाग उलट जुलै ते सप्टेंबरमध्ये करा. माळावर थोडी हिरवाई असते, हवा धुतलेली असते. मार्चनंतर तिथे दुपारी बाराला गाडीतून उतरवत नाही.

फलटण-लोणंदच्या पट्ट्यात आषाढाचं गणित वेगळं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढे सोलापूर जिल्ह्यात जाते. त्या दिवसांत रस्त्यावरच्या कायमच्या पाट्या स्वागताच्या फ्लेक्समागे गडप होतात. पाटी नीट हवी असेल तर पालखीच्या महिनाभर आधी जा. पण एकदा ऐन पालखीतही जा, कारण त्या फ्लेक्सवर गाव वारकऱ्यांचं स्वागत कोणत्या शब्दांत करतं हे एरवी बघायला मिळत नाही. जत्रेच्या गावांनाही हेच लागू. मांढरदेवला पौष पौर्णिमेला, बावधनला रंगपंचमीच्या बगाडाला, पुसेगावला मार्गशीर्षात सेवागिरी महाराजांच्या यात्रेत कमानी दिव्यांनी मढलेल्या असतात. आधीचा आणि जत्रेतला असे दोन्ही फोटो शेजारी ठेवता आले तर उत्तम.

नोव्हेंबरपासून ऊसतोड. कराड, कोरेगाव, साताऱ्याच्या गावरस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. त्यांना ब्रेक लागायला वेळ लागतो आणि मागचं काही दिसत नाही, कानांवर गाण्यांचा दणका असतो तो वेगळाच. तुम्ही कॅमेऱ्यात डोळा घालून रस्त्याच्या मधोमध उभे असाल तर ते तुम्हाला चुकवतील या भरवशावर राहू नका.

रस्त्यावर उभं राहताना

कमानीच्या बरोबर मध्यावरून, रस्त्याच्या मध्यरेषेवर उभं राहून काढलेला फोटो सगळ्यांना हवा असतो. गावरस्त्यावर तो मिळतो. जोडीला माणूस घ्या, त्याला मागे तोंड करून उभा करा, आणि त्याने ‘गाडी’ म्हटलं की बाजूला व्हा. राज्य महामार्गावर आणि महामार्गाच्या सेवारस्त्यावर हा हट्ट सोडून द्या, डाव्या कडेवरून थोडा तिरका घ्या. खंबाटकी घाटात, उड्डाणपुलावर किंवा वळणावर पाटी कितीही चांगली दिसली तरी थांबायचं नाही. पुढे जाऊन सेवारस्त्याने चालत मागे यायचं. गाडी पाटीच्या पन्नास-साठ पावलं पुढे लावा, नाहीतर ती फोटोत येते. चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट दोन-तीनशे रुपयांत मिळतं. घाला. त्यामुळे तुम्ही सरकारी माणूस वाटता, त्याचा त्रास पुढे सांगतो.

प्रत्येक गावाच्या चौकटी

पहिली चौकट: पाटी सरळ, समोरून, पूर्ण. चारही बाजूंना थोडी जागा सोडून, म्हणजे नंतर तिरकेपणा काढताना कडा कापल्या जाणार नाहीत. मोबाइलचा साधा कॅमेरा बराच रुंद बघतो, जवळून घेतलं की कमानीचे खांब आत झुकलेले दिसतात. त्यावर उपाय एकच, मागे जा. मोबाइल असेल तर दुप्पट झूम लावून मागे जा, कॅमेरा असेल तर ३५ ते ५० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स. स्क्रीनवर चौकोनांची जाळी चालू करा आणि मोबाइल वर वाकवू नका. त्याने वरची पट्टी कापली जात असेल तर आणखी मागे जा.

दुसरी चौकट: बरंच मागून, रस्ता, शेत, विजेचे खांब, टपरी सगळं घेऊन. पहिली सगळेच घेतात, ही कुणी घेत नाही, आणि वीस वर्षांनी लोक हीच मोठी करून बघतात.

तिसरी: पाठीमागची बाजू. ‘धन्यवाद’, ‘शुभ प्रवास’, कधी म्हण, कधी पाणी वाचवण्याचा उपदेश, कधी आधीच्या रंगाचं जुनं गावनाव तसंच राहिलेलं. पुढची बाजू दर काही वर्षांनी रंगते, मागच्या बाजूकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून जुनं तिथेच सापडतं.

चौथी: जवळून. खांबावरची देणगीदारांची नावं, ‘कै.’ अमुक यांच्या स्मरणार्थ, उद्घाटनाची तारीख, आणि उजव्या कोपऱ्यात खाली पेंटरची सही. हाताने रंगवलेल्या पत्र्याजवळ तिरप्या उन्हात नाक लावून बघा. अक्षरांच्या वर-खाली खडूच्या दोऱ्याने मारलेल्या दोन पुसट रेघा दिसतात, पेंटरने शिरोरेषा सरळ राहावी म्हणून मारलेल्या. पांढऱ्या रंगाखालून आधीच्या अक्षरांची कड फुगून वर आलेली दिसते, आणि कधीकधी जुनं नाव बोटाने चाचपता येतं. हा तपशील फोटोत आणायचा तर फ्लॅश नको, उजेड बाजूने हवा आणि हात स्थिर हवा.

पाचवी चौकट ऐच्छिक. पार, शाळा, एसटीचा थांबा, जे तुम्हाला वाटेल ते. वेळ नसेल तर सोडा.

कॅमेऱ्याचं थोडक्यात

पांढऱ्या पाटीवर कॅमेरा फसतो. आजूबाजूला गडद झाडी किंवा सावली असेल तर उन्हात ती जळून जाते, म्हणून उजेड अर्धा ते पाऊण टप्पा (स्टॉप) कमी करा. कमानीमागे उजळ आकाश असेल तर उलट, एक टप्पा वाढवा, नाहीतर अक्षरं बुडतात. एफ/८, आयएसओ १०० किंवा २००, शटर १/२५० च्या वर असेल तर हात हलला तरी चालतं. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने न दाबलेल्या मूळ फाइलमध्ये, काढता येत असेल तर काढा. सरकारी पाट्यांवर उजेड परतवणारा कागद असतो, त्याच्यावर फ्लॅश मारलात तर पांढरा गोळा येतो. एलईडीच्या फिरत्या अक्षरांची कमान असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवून पाहा. ती अक्षरं डोळ्याला न कळेल इतक्या भराभर लुकलुकत असतात, शटर असं हळू ठेवलं की काळे पट्टे बहुधा येत नाहीत. विजेच्या तारा आडव्या येतात, त्याला इलाज नाही. नंतर संगणकावर पुसूही नका. ड्रोन घरी ठेवा, पाटी माणसाच्या डोळ्यांनी वाचायची असते.

पाटी वाचायला शिका

बहुतेक पाट्यांवर तारीख नसते, पण पाटी स्वतःच वय सांगते. ‘संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान’ असा मजकूर दिसला तर ती २००० नंतरची. आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना ते अभियान सुरू झालं. ‘तंटामुक्त गाव’ असेल तर २००७ नंतरची; ती मोहीम त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाली, तेव्हा ते गृहमंत्री होते. ‘निर्मल ग्राम’ असेल तर त्याच दशकातली किंवा नंतरची. ‘हागणदारीमुक्त’ हा शब्द पाट्यांवर दाटीने दिसू लागला तो २०१४ च्या स्वच्छ भारत अभियानानंतर. तिन्ही-चारही एकाच पत्र्यावर असतील तर अक्षरांचा रंग आणि वळण पाहा, एकेक ओळ वेगवेगळ्या वेळी वाढवलेली असते.

गावं स्वतःची ओळख कशी सांगतात हे या कामातलं खरं घबाड. भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव. महाबळेश्वर तालुक्यातलंच मांघर मधाचं गाव. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक अपशिंगे मिलिटरी म्हणतात, तिथे पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या गावच्या जवानांचा स्मृतिस्तंभ आहे. खंडाळा तालुक्यातलं नायगाव सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव, खटावमधलं कटगुण जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव. कराडजवळचं गोळेश्वर खाशाबा जाधवांचं, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझ मिळवणाऱ्यांचं. तळबीड हंबीरराव मोहित्यांचं. गोंदवले गोंदवलेकर महाराजांचं. जायच्या आधी गावाची अशी ओळख माहीत करून घ्या आणि मग बघा की पाटीवर ती आहे का, किती मोठ्या अक्षरांत आहे, आणि तिच्याशेजारी आमदार निधीची ओळ किती मोठी आहे. मला विचाराल तर ज्या गावांना सांगण्यासारखं थोर नाव नाही त्यांच्या पाट्या जास्त वाचनीय असतात. तिथे गावाला स्वतःच काहीतरी सुचवावं लागतं.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की पाट्यांवरची आणि कोनशिलांवरची पुढाऱ्यांची नावं कागद चिकटवून किंवा रंग फासून झाकली जातात. त्या काळात काम थांबवू नका, झाकलेली पाटीही घ्या. फक्त नोंदीत लिहा, नाहीतर पुढे कुणाला वाटेल की नाव खोडलं.

वस्त्यांच्या नावांबाबत जपून. राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला आणि त्यानंतर समतानगर, भीमनगर, शाहूनगर अशी नावं येऊ लागली. जुना फलक कुठे शिल्लक असेल तर दस्तऐवज म्हणून फोटो जरूर काढा, पण तो समाजमाध्यमावर टाकण्याआधी त्या वस्तीतल्या माणसांना विचारा. त्यांनी नको म्हटलं तर विषय संपला.

माणसं येणारच

तुम्ही कमानीसमोर पाच मिनिटं उभे राहिलात की कुणीतरी गाडी थांबवतं.

‘काय पावणं, मोजणीवालं हायसा व्हय?’

‘नाही हो दादा, कमानीचा फोटो काढतोय.’

‘रस्ता रुंद व्हायचाय का? खरं सांगा, आमचं दुकान लागूनच हाय.’

जाकिटाचा त्रास म्हणालो तो हाच. भूसंपादन, अतिक्रमण, मोजणी या तिन्हींची धास्ती रस्त्याकडेच्या प्रत्येक माणसाला असते, आणि ती रास्त आहे. उत्तर तयार ठेवा आणि ते खरं असू द्या: जिल्ह्यातल्या सगळ्या गावांच्या पाट्यांचे फोटो गोळा करतोय, कुठल्या खात्याचा नाही, पैसे घेत नाही. आधी काढलेली शेजारच्या गावाची कमान मोबाइलवर दाखवा. ‘आमची तिच्यापेक्षा मोठी हाय’ असं वाक्य आलं की काम झालं. मग विचारा, कमान कधी बांधली, कुणी दिली, आधी काय होतं. म्हाताऱ्या माणसांना ‘आधी वेस कुठे होती’ असं विचारलं की ते हात धरून नेतात.

कमान मोठी असेल, तिपाई लावायची असेल किंवा संध्याकाळच्या दिव्यांत काढायची असेल तर आधी ग्रामपंचायतीत जाऊन ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा सरपंचांना सांगा. परवानगीपेक्षा ओळखीसाठी. तिथल्या भिंतीवर लोकसंख्या, कुटुंबं, क्षेत्रफळ असा माहितीचा फलक बहुधा असतो, त्याचाही फोटो मागून घ्या. शाळेची मुलं चौकटीत शिरली तर आधी त्यांचा एक वेगळा फोटो काढून द्या, मग ती बाजूला होतात. तो फोटो मात्र घरच्यांना विचारल्याशिवाय कुठे टाकायचा नाही.

नोंद त्याच दिवशी

रात्री मुक्कामावर किंवा घरी पोचल्यावर झोपण्याआधी एका तक्त्यात भरा: तारीख, गाव, तालुका, सांकेतिक क्रमांक, अक्षांश-रेखांश, पाटीचं तोंड, कशाची आहे (काँक्रीट, पत्रा, फ्लेक्स, भिंत, दगड), अवस्था, आणि संपूर्ण मजकूर. मजकूर पाटीवर आहे तस्साच उतरवा. ‘बु॥’ लिहिलं असेल तर ‘बु॥’, ‘सुस्वागतम’चा पाय मोडलेला नसेल तर तसंच, चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ असेल तर तोही. सुधारायची हौस दुसरीकडे भागवा. हा मजकूर युनिकोडमध्ये असला की पुढे ‘स्मरणार्थ’ किंवा ‘तंटामुक्त’ असं शोधून सगळी गावं एका क्षणात काढता येतात, आणि कष्टाचं खरं फळ तेव्हा दिसतं.

फोटोच्या फाइलला नाव देण्याची एकच पद्धत शेवटपर्यंत: तालुका, गावाचा क्रमांक, गाव, वर्ष-महिना-दिवस, चौकट. मोबाइलमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा, पण डोंगराआड ती चुकते, म्हणून नकाशावर ताडून घ्या. प्रती तीन: संगणकावर, बाहेरच्या डिस्कवर आणि इंटरनेटवर. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली प्रत धरू नका, त्यात बारीक अक्षरं मरतात.

लोकांसमोर मांडताना

कमान हे स्थापत्य आहे आणि सार्वजनिक ठिकाणी कायम उभं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात अशा वास्तूंचे आणि शिल्पांचे फोटो काढून प्रसिद्ध करायला मुभा आहे. कमानीवर कुणी रंगवलेलं चित्र असेल तर ते या सवलतीत सरळ बसत नाही. नुसत्या चित्राचा पोस्टर छापून विकायच्या भानगडीत न पडलेलं बरं. पेंटरचा, मंडळाच्या अध्यक्षाचा मोबाइल क्रमांक पाटीवर असतो. मूळ फोटोत राहू द्या, प्रसिद्ध करायच्या प्रतीत पुसट करा.

संग्रह लोकांना खुला करायचा तर विकिमीडिया कॉमन्स हा चांगला पर्याय आहे. तिथे परवाना स्पष्ट करून, तालुकावार वर्ग पाडून टाका. पण इंटरनेटच्या आधी गावाला द्या. बारा बाय आठ इंचांची एक छापील प्रत, खाली गाव आणि तारीख, ग्रामपंचायतीत नेऊन द्यायची. तालुक्याच्या स्टुडिओत ती थोड्या पैशांत होते. ती भिंतीवर लागली की शेजारच्या गावातून ‘आमच्याकडं कधी येताय’ असा निरोप येतो, आणि पुढची माहिती आपसूक मिळू लागते.

तालुका एकदा झाला म्हणून यादी बंद करू नका. ग्रामपंचायतीची मुदत पाच वर्षांची. नवी मंडळी निवडून आली की वर्षभरात पाटी रंगण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ज्या गावांत नुकतीच निवडणूक झालीय ती आधी, रस्ता रुंदीकरणाच्या खुणा मारलेली त्याच्याही आधी. दुसऱ्या फेरीत पहिल्या वेळचा फोटो मोबाइलवर उघडून, त्याच जागी, तेवढ्याच अंतरावर, शक्यतो त्याच महिन्यात उभं राहून काढा.